दिवा चालू आहे, आम्हाला माहीत आहे

नवी गाडी शोरूममधून काढून मी पहिल्या चौकापर्यंतही पोहोचलो नव्हतो, तोच समोरून येणाऱ्या एका स्कूटरवाल्याने माझ्याकडे बघून हात वर केला, पाचही बोटांची चोच केली आणि ती दोनतीनदा उघडमीट केली. मी दुर्लक्ष केलं. अनोळखी माणसाने सलगी दाखवली की आधी खिसा चाचपावा, असं माझं मत आहे. पुढे एका टेम्पोवाल्याने तेच केलं. मग शाळेची बस आली आणि तिच्या सगळ्या खिडक्यांतून मुलांनी चोची उघडल्या.

"अहो, आपला दिवा चालू आहे, असं सांगताहेत ते," बायको म्हणाली.

"फुकट?" मी विचारलं.

मी विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासतो. माझ्या टेबलासमोर बसलेला प्रत्येक माणूस आपल्या बाजूने, बेताच्या वेगाने, कोणाचंही वाईट न चिंतता चाललेला असतो आणि दुसराच कोणीतरी येऊन त्याला धडकलेला असतो. इतकी वर्षं झाली, पण 'चूक माझी होती' असं म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. त्यामुळे जगात कोणी कोणाचं भलं फुकट करतं यावर माझा विश्वास नाही, आणि बायकोच्या मते हा रोग आहे.

घराखाली आल्यावर मी दिवा बंद करायला घेतला. स्टिअरिंगच्या बाजूला दिव्यांची एक दांडी असते, ती पिळली. मोठे दिवे लागले. उलटी पिळली, ते गेले. पण त्यांच्या खालच्या दोन पांढऱ्या पट्ट्या भर दुपारी लखलखत होत्या त्या होत्याच. दुसरी दांडी ओढली तर वायपर नाचायला लागले आणि काच धुण्याचं पाणी उडून समोर उभ्या असलेल्या तळमजल्यावरच्या अधीक्षकांच्या चष्म्यावर गेलं.

हे अधीक्षक म्हणजे तुरुंगाचे निवृत्त अधीक्षक. चष्मा पुसून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. कैद्यांची संध्याकाळची मोजणी ते अशीच घेत असावेत.

"आत कुठेतरी तार चिकटलीय," ते म्हणाले. "आणि सांगून ठेवतो, जे बंद होत नाही ते एक दिवस पळून जातं. माझा अनुभव आहे."

त्यांचा अनुभव गाडीला कसा लागू पडतो ते मला कळलं नाही. पण मनात पाल चुकचुकली.

एरवी मी हा दिवा सोडून दिला असता. पण गाडी घेतलीच होती ती सासूबाईंसाठी. त्या शेजारच्या शहरात थोरल्या मुलीकडे राहतात. धाकटी म्हणजे माझी बायको. तिने आजवर किती वेळा बोलावलं, पण बसचा प्रवास त्यांना झेपत नाही, आणि साडूभाऊ आपल्या गाडीतून त्यांना आणतात ते अंधार पडायच्या आत परत नेतात. आता त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि बायकोने आयुष्यात पहिल्यांदा हट्ट धरला होता, की विश्रांतीला आई माझ्याकडे राहील. तिने आतली खोली रंगवून घेतली, डोळ्यांवर उजेड येऊ नये म्हणून जाड पडदे शिवले, धुतलेले उशांचे अभ्रे पुन्हा धुतले. सासूबाईंनी हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. येईन ती जावयाच्या गाडीतून, आणि गाडी धड असेल तर.

त्याच संध्याकाळी बायकोने भोळेपणाने आईला फोनवर दिव्याची गंमत सांगितली. 

"बंद होत नाही?" सासूबाईंचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला. "मग ती गाडी नवी नाही. कोणाची तरी वापरलेली रंग मारून गळ्यात मारलीय. तो दिवा नीट झाल्याशिवाय मी बसायची नाही."

सासूबाईंच्या आणि माझ्या स्वभावाकडे बघून, आमचं रक्ताचं नातं नाही, हे कोणाला सांगून पटणार नाही. फोन ठेवून बायको पडद्यांच्या कडा उगाचच सरळ करत बसली. "काहीही करा," ती म्हणाली, "पण या वेळी आईला येऊ दे."

झालं. मी कामाला लागलो.

शोरूममधल्या दुरुस्ती विभागात टाय लावलेला एक तरुण होता. त्याने माझं म्हणणं हसतमुखाने ऐकून घेतलं. दुसऱ्याची तक्रार ऐकून हसणारा माणूस मला आवडत नाही.

"सर, हा बिघाड नाही. हा दिवसाचा दिवा आहे. इंजिन सुरू झालं की लागतो, इंजिन बंद झालं की विझतो. त्याला बटण नसतंच."

"माझ्या गाडीचा दिवा आणि बटण माझ्याकडे नाही? मग कोणाकडे आहे?"

"कोणाकडेच नाही सर. बघा, मोठा दिवा असतो तो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. हा दिवा आपल्याला दिसावं म्हणून नाही, आपण दिसावं म्हणून असतो. झाडाच्या सावलीतून येणारी गाडी भर उन्हातसुद्धा पटकन नजरेत येत नाही. हा दिवा असला की समोरच्याला लांबूनच कळतं."

"मी कोणाला दिसायला हवाय? आणि कशासाठी?"

टायवाल्याने खोल श्वास घेतला. मग त्याने समजावलं, की हे बारीक दिवे अगदी थोडी वीज खातात, इंजिन चालू असतानाच जळतात, त्यामुळे बॅटरी बसायची भीती नाही. एवढ्यावर न थांबता त्याने मला गाडीपुढे उभं केलं, आत बसून इंजिन सुरू केलं आणि उजवीकडे वळण्याचा पिवळा दिवा लावला. त्याबरोबर उजवीकडची पांढरी पट्टी मलूल झाली.

"झालं! आता हाही गेला," मी ओरडलो.

"गेला नाही सर, मुद्दाम मंद होतो. नाहीतर त्याच्या उजेडात पिवळा दिवा कोणाला दिसणारच नाही."

'मुद्दाम' हा शब्द मी लक्षात ठेवला. आमच्या कचेरीत या एका शब्दावर अख्खा दावा फेटाळला जातो.

"मग मी नेमकं करायचं काय?" मी शेवटचं विचारलं.

"काहीच नाही सर. सगळं आपोआप आहे."

"सगळं?"

"सगळं सर," असं म्हणून तो वाजणारा फोन घ्यायला गेला. त्याच्या एकूण बोलण्यात मी विश्वास ठेवला तो या एका शब्दावर. माणसाने इतकी वर्षं सगळ्यांवर संशय घ्यावा, आणि एकदाच विश्वास टाकावा तो नेमका अर्धवट निघावा, याला माझ्याकडे शब्द नाही.

अधीक्षकांना मात्र टायवाला पटला नाही. "टाय लावणारा माणूस आधी स्वतःचा गळा आवळून घेतो, तुमचा का सोडेल?" असं म्हणून ते आपल्या ओळखीचा एक वायरमन घेऊन आले. वायरमन कुशल होता. पायाखालचं झाकण त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. अधीक्षकांची आणि त्याची ओळख कुठली, ते मी विचारलं नाही.

त्याने एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. पहिल्या फ्यूजला हॉर्न गेला. दुसऱ्याला माझ्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली. तिसऱ्याला आतलं घड्याळ थांबलं. पांढऱ्या पट्ट्या तशाच. शेवटी त्याने सगळे फ्यूज परत बसवले, पण ते ज्याच्या त्याच्या जागी गेले नसावेत, कारण काच अर्ध्यावरच राहिली आणि हॉर्न मुका तो मुकाच. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो तो अर्ध्या काचेतून डोकं बाहेर काढून "ओ काका, बाजूला व्हा! ओ बाई, जरा जपून!" असं ओरडत. नव्या गाडीतून जाणाऱ्या माणसाचा जो काही रुबाब असतो, तो माझ्या वाट्याला आला नाही. हॉर्न आणि काच टायवाल्याने नीट करून दिली आणि या वेळी तो हसलासुद्धा नाही. मला ते जास्त लागलं.

"बंद होत नसेल तर झाकून टाका," अधीक्षक म्हणाले. "जे दिसत नाही त्याची चौकशी होत नाही."

या वाक्याने त्यांच्या नोकरीबद्दल माझ्या मनात निराळेच विचार आले, पण सल्ला व्यवहार्य होता. माझ्या कचेरीच्या काळ्या मोज्यांची एक जोडी मी कापली आणि दोन्ही पट्ट्यांवर चिकटपट्टीने घट्ट बसवली. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या घरातून बघितलं तर काही कळत नव्हतं. मी समाधानाने बाहेर पडलो आणि पहिल्याच मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने हात आडवा केला.

तो वाकून बराच वेळ मोज्यांकडे बघत राहिला.

"गाडीला थंडी वाजते का?"

"दिवा आहे. बंद होत नाही, म्हणून झाकलाय."

"तो बंद करायचाच नसतो. नियमाने तो लागलाच पाहिजे, आणि झाकणं हा गुन्हा आहे. काढा."

"घरी जाऊन काढतो."

"इथे."

चौकाच्या मधोमध गुडघे टेकून मी माझ्याच गाडीचे मोजे काढले. चिकटपट्टी मीच घट्ट बसवली होती, ती सुटेना. मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळे हॉर्न वाजवायला लागले. एक मोजा निघाला, दुसरा निघाला, पांढरा उजेड थेट माझ्या तोंडावर पडला, आणि बाजूच्या बसमधल्या एका आजोबांनी अतिशय आपुलकीने मला चोच उघडून दाखवली.

अपमान झाला खरा, पण हाती एक सोन्यासारखी गोष्ट लागली. नियम! दिवा लागलाच पाहिजे असा नियम आहे! म्हणजे माझी गाडी बिघडलेली नव्हती, उलट ती कायद्याला धरून चालणारी होती. सरकारवर माझा विश्वास आहे असं नाही, पण सासूबाईंचा आहे, कारण त्यांची पेन्शन वेळेवर येते. सरकारी कागदावर हे लिहून मिळालं की काम फत्ते, असा विचार करून मी रजा टाकली आणि वाहन नोंदणीच्या कचेरीत गेलो.

"दिव्याबद्दल दाखला हवाय," मी खिडकीतल्या बाईंना म्हणालो.

"लागत नाही का?"

"लागतो."

"मग तक्रार काय?"

"तक्रार नाही. लागतो हे बरोबर आहे, एवढं लिहून द्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "दिवा लागत नसेल तर आम्ही नोटीस देतो. लागत असेल तर काही देत नाही."

"पण मला सिद्ध करायचंय."

"कोणापुढे? कोर्टात?"

"सासूबाईंपुढे."

त्यांनी मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरच्या साहेबांनी, "तुम्हाला इथे कोणी पाठवलं?" असं विचारून खाली पाठवलं. खाली येईपर्यंत खिडकी जेवणासाठी बंद झाली होती. ती उघडेपर्यंत मी थांबलो. भिंतीवर नियमांचा एक मोठा तक्ता होता, त्याचा फोटो काढायला गेलो तर शिपायाने फोटो काढायला मनाई असल्याचा नियम त्याच तक्त्यावर दाखवला. शेवटी बाईंनाच माझी दया आली. "असं करा, सासूबाईंनाच इथे घेऊन या," त्या म्हणाल्या. "मी तोंडी सांगते." ज्या गाडीत त्या बसत नाहीत त्या गाडीतून त्यांना इथे कसं आणायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

रिकाम्या हाताने घरी आलो तर बायको आनंदाने नाचायची तेवढी बाकी होती. "आई तयार झाली! भावोजींनी तिला सांगितलं, की आजकालच्या गाड्यांना तसाच दिवा असतो. तिला लगेच पटलं."

लगेच! मी मोजे फाडले, फ्यूज उपटले, सरकारी जिने झिजवले, आणि साडूभाऊंच्या एका वाक्यावर सासूबाई तयार! शिवाय त्यांनी असंही कळवलं होतं, की मला लांब गाडी चालवायची सवय नाही, तेव्हा मी सासूबाईंना घेऊन पुढे निघावं आणि ते आणि ताई सामान घेऊन आपल्या गाडीतून मागे येतील.

"मागे कशाला?" मी विचारलं.

"अहो, मदत म्हणून."

"मदत करणारा माणूसच उद्या साक्षीदार म्हणून उभा राहतो. माझं कुठे काय चुकतं ते बघायला येताहेत."

बायकोने कपाळावर हात मारला आणि ती पडद्यांकडे गेली.

आता एकच धोका उरला होता. सासूबाई गाडीत असताना रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चोच उघडून दाखवणार, आणि एवढ्या लोकांपुढे साडूभाऊंचं वाक्य किती टिकणार? त्यावर मी तोडगा काढला. पाटी! पाट्या रंगवणाऱ्याला बोलावलं. मजकुरावर जिन्यात चर्चा झाली. अधीक्षकांना 'खबरदार' हा शब्द कुठेतरी हवाच होता. बायको म्हणाली, निदान 'कृपया' तरी घाला. अखेर मोठ्या ठळक अक्षरांत ठरलं ते असं: 'दिवा चालू आहे. आम्हाला माहीत आहे. कृपया खुणा करू नयेत.'

"पुढच्या काचेवर लावता येणार नाही, समोरचं दिसणार नाही तुम्हाला," रंगारी म्हणाला. म्हणून पाटी मागच्या काचेखाली लागली. समोरून खुणा करणाऱ्यांनी गाडी पुढे गेल्यावर मागे वळून वाचावी आणि खजील व्हावं, अशी योजना होती.

याच गडबडीत अधीक्षक एकदा गाडीत बसून सगळ्या दांड्या तपासून गेले आणि मोठे दिवे लावून ठेवून गेले. मोठे दिवे फुकट जळताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक दिवा आपोआप आहे म्हटल्यावर दुसऱ्याला हात लावायचं कोणाला कारणच काय? सगळं आपोआप आहे, असं टायवाल्याने सांगितलं नव्हतं का? मी दांडी बंदच्या खुणेवर आणली आणि तिच्यावर काळी चिकटपट्टी करकचून गुंडाळली. आता ती कोणालाच फिरवता येणार नव्हती.

ठरल्या दिवशी आम्ही साडूभाऊंकडे गेलो. सासूबाई काळा चष्मा लावून फाटकात उभ्या होत्या. त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितलं, पुढे जाऊन दिवा बघितला. इंजिन बंद करायला सांगितलं, दिवा विझलेला बघितला. असं त्यांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग ताईंनी आईला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "नको वाटलं तर लगेच सांग, हे न्यायला येतील." ते ऐकून माझ्या बायकोने आईचा हात घट्ट धरला. निघेपर्यंत ऊन कलतीला लागलं होतं.

मायलेकी मागे बसल्या होत्या. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "चालवता बरी हो, जावईबापू." माझी छाती फुगली. आरशात बायकोचा चेहरा दिसत होता, आणि लग्नानंतर तो इतका निश्चिंत मी क्वचितच बघितला असेल. मला फार बरं वाटलं.

सूर्य बुडाला. समोरचे आकडे आपोआप उजळलेले होते, पुढच्या रस्त्यावर फिकट पांढरा उजेड पडत होता. जरा कमी वाटला, पण आपोआप वाढेल अशी माझी खात्री होती. आणि मग खुणा सुरू झाल्या. आजवर त्या समोरून यायच्या, आता मागून येऊन पुढे जाणारेसुद्धा हात बाहेर काढून चोच उघडमीट करायला लागले.

"एवढी मोठी पाटी लावली तरी?" मी म्हणालो. "लोकांना वाचायला येत नाही की काय?"

मग साडूभाऊंनी मागून मोठा दिवा चमकवला. पुन्हा चमकवला. हॉर्न वाजवला. मी आरशात त्यांच्याकडे बघून मंद हसलो. सासूबाई आपल्याकडून निघाल्या, हे त्यांना सहन होत नव्हतं, दुसरं काय!

बायकोचा फोन वाजला. "ताईचा आहे," ती म्हणाली.

"उचलू नकोस. आईला परत मागतील."

एरवी ती माझं असलं बोलणं उडवून लावते. पण या वेळी तिने फोनकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि तो वाजू दिला. वाजून वाजून तो थांबला. परत वाजला. तिने तो पर्समध्ये ठेवून पर्स मिटली.

मागे साडूभाऊंनी आता गाडीचे चारही पिवळे दिवे लुकलुकते ठेवले होते आणि ते आमच्या अगदी पाठीला चिकटून येत होते. मी वेग वाढवला तर ते वाढवत, कमी केला तर तेही कमी करत. कोणी पुढे जाऊ बघितलं तर त्याला आमच्यापासून लांब अंतर ठेवून जायला लावत. असा पाठलाग करणाऱ्या माणसाबद्दल आमच्या कचेरीत काय काय लिहितात, ते मी मनातल्या मनात जुळवत होतो. तेवढ्यात एक अजस्र ट्रक मागून आला, त्याचा भोंगा कानठळ्या बसवत घुमला, आणि तो आम्हा दोघांना वळसा घालून इतक्या जवळून गेला की आमची गाडी हलली.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "गाडी थांबवा."

पुढे पेट्रोल पंप होता. मी गाडी आत घेतली. साडूभाऊंची गाडी मागोमाग आली. ते उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजला होता.

"काय हो हे," मी सुरुवात केली, "पाटी वाचली नाहीत का?"

"वाचली," ते म्हणाले. "तेवढीच दिसत होती. माझ्या दिव्यात. बाकी तुमच्या मागे मिट्ट काळोख आहे."

मला काही कळेना. त्यांनी माझा दंड धरून मला गाडीच्या मागे नेलं. इंजिन चालू होतं, पुढे पांढऱ्या पट्ट्या झगझगत होत्या, आणि मागे काही नव्हतं. एक लाल ठिपकासुद्धा नव्हता. संध्याकाळच्या काळोखात माझी गडद रंगाची गाडी, आत दोन बायका, आणि त्यावर पाटी.

"अहो, हा दिवा फक्त पुढचा असतो," साडूभाऊ म्हणाले. "मागचे लाल दिवे लागतात ते मोठा दिवा लावल्यावर. तो आपल्यालाच लावावा लागतो. तुम्ही लावलात असं तुम्हाला वाटत असणार, म्हणून किती दिवे दाखवले, फोन केले. तुम्ही थांबेनात. मग म्हटलं, कोणी धडकायचं असेल तर आधी मला धडकू दे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. सगळा रस्ता मी ज्या माणसाचे डाव ओळखत आलो होतो, तो माझ्या आणि ट्रकांच्या मध्ये आपली गाडी आणि आपली बायको घालून आला होता. अशी हकिगत कोणी माझ्या टेबलावर आणली असती, तर मी तिच्यावर 'विश्वासार्ह नाही' असं लिहून परत पाठवली असती. मला लाज वाटली, आणि ती चारचौघांत वाटली.

"फोन का नाही उचललास?" ताई माझ्या बायकोला विचारत होत्या.

"मला वाटलं, तू आईला परत मागतेयस," ती म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

"वेडे, आईला मीच समजावून तुझ्याकडे धाडलं ना! परत कशाला मागेन?"

मी गाडीत वाकून दांडीवरची चिकटपट्टी सोडवायला लागलो. तीसुद्धा मीच गुंडाळली होती, त्यामुळे सुटता सुटेना. शेवटी साडूभाऊंनी दाताने तोडली. मी दांडी फिरवली. मागे लाल दिवे लागले, पुढे रस्ता लांबवर उजळला, आणि ज्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी मी मोजे फाडले होते त्या आपणहून निमूटपणे मंद झाल्या. त्यांना गप्प करायची युक्ती त्या दांडीतच होती.

सासूबाई उतरल्या. आता त्या कोणाच्या गाडीत बसणार, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. बायको पदराचं टोक हातात चुरगाळत उभी होती. सासूबाईंनी गाडीला सावकाश एक फेरी मारली, मागे येऊन काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि लाल उजेडात ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"'दिवा चालू आहे. आम्हाला माहीत आहे. कृपया खुणा करू नयेत.'" मग त्या माझ्याकडे वळल्या. "दिव्याखाली अंधार ऐकला होता, जावईबापू. दिव्यामागचा आज बघितला."

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तेही स्वतःच्या तोंडून.

"चुकलं तर चुकलं. फोन वाजत होता तेव्हा मीसुद्धा उचल म्हटलं नाही. मलाही तेच वाटलं होतं." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि माझ्या गाडीचं पुढचं दार उघडलं. "चला, धाकटीकडे राहायचंय मला. पुढे बसते, म्हणजे दांडीवर नजर राहील. आणि ती पाटी काढा, पण टाकू नका. माझ्या खोलीत लावू."

साडूभाऊ आणि ताई रात्री आमच्याकडेच राहिले. सासूबाई जाड पडद्यांच्या खोलीत उशीर होईपर्यंत झोपल्या, आणि बायको सकाळपासून दाराशी तीनदा जाऊन नुसतं बघून आली. पाटी खोलीत लागली आहे. मी कोणाबद्दल काही बोलायला लागलो की सासूबाई तिच्याकडे बोट दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडूभाऊ आणि ताई निघाले तेव्हा निरोप द्यायला मी फाटकापर्यंत गेलो. त्यांची गाडी जुनी, तिला दिवसाचा दिवा नाही. रस्त्याला लागले आणि मी बघतो तर कोवळ्या उन्हात त्यांचे मागचे लाल दिवे, म्हणजे पुढचे मोठेही, चालूच. किल्ली काढल्यावर ते विझले असतील, पण रात्रीची दांडी तशीच राहिली असावी. माझा हात आपोआप वर गेला, पाचही बोटांची चोच झाली आणि दोनतीनदा उघडमीट झाली.

त्यांनी आरशात बघितलं असावं. कशासाठी, का, कोण सांगतंय, असला काहीही विचार न करता त्यांनी लगेच दिवा बंद केला, खिडकीतून हात हलवला आणि ते निघून गेले.